बलवर्धन व्यायामातील तंत्र आणि भारवाढ : मावळ परिसराच्या संदर्भात विवेचन

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात सोमाटण्याजवळ वसलेले शिरगाव तेथील साईमंदिरामुळे ‘प्रति शिर्डी’ म्हणून परिचित आहे. भातशेतीचा हा परिसर आज तळेगावची औद्योगिक वसाहत आणि पिंपरी-चिंचवडचे वाढते नागरीकरण यांच्या मध्ये आलेला आहे. शारीरिक क्षमतेवर मिळणाऱ्या नोकरीची उदाहरणे येथील तरुणांच्या नित्य नजरेसमोर असतात. तळेगाव दाभाडे येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र आहे, सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे आणि लोणावळ्यास नौदलाची आय.एन.एस. शिवाजी ही प्रशिक्षणसंस्था आहे. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जिमखान्यात अचानक गर्दी होते, हे शारीरिक शिक्षणाच्या कोणत्याही प्राध्यापकास वेगळे सांगावयास नको.

राज्य पोलीस शिपाई भरतीच्या अलीकडील शारीरिक चाचणीत पुरुषांसाठी १६०० मीटर धावण्यास २०, १०० मीटर धावण्यास १५ आणि गोळाफेकीस १५ असे एकूण ५० गुण आहेत. गोळ्याचे वजन पुरुषांसाठी ७.२६० किलो, तर महिलांसाठी ४ किलो असते. हाताशी वेळ तीन-चार महिन्यांचा. अशा परिस्थितीत विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न ‘किती वजन उचलू?’ असा असतो, आणि शिक्षकाचे पहिले उत्तर बहुधा ‘आधी तंत्र सुधार’ असे असते. हे दोघेही एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत, हे मात्र दोघांच्याही लक्षात येतेच असे नाही. वजन आणि तंत्र या परस्परविरोधी बाबी मानल्या की एकतर दुखापत होते किंवा व्यायाम निष्फळ होतो. तंत्र हे वजनाचे मापच आहे, या दृष्टीने प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

बारवरील वजन आणि स्नायूवरील वजन

व्यायामशाळेत ज्यास ‘फॉर्म’ म्हणतात ती केवळ दिसावयास नीटनेटकी शरीरस्थिती नव्हे. उचललेला भार कोणत्या सांध्यांतून आणि कोणत्या स्नायूंवर जावा, याची ती वाट आहे. वाट बदलली की बारवरील आकडा तोच राहूनही शरीराच्या दृष्टीने वजन बदलते. २० किलोचे वजन कमरेच्या मणक्यापासून ३० सेंटिमीटर अंतरावर धरले तर त्या वजनामुळे तेथे निर्माण होणारे बलाघूर्ण सुमारे ५९ न्यूटन-मीटर असते; तेच वजन ५० सेंटिमीटर दूर गेले की ते सुमारे ९८ न्यूटन-मीटर होते. एकही प्लेट न वाढविता भार दीडपटीहून अधिक झालेला असतो, आणि वहीत मात्र २० किलो एवढीच नोंद होते.

याच्या उलट प्रकारही नित्य आढळतो. दंडाचा व्यायाम करताना कमरेला झोका देऊन बार वर नेला, बेंच प्रेसमध्ये बार छातीपासून वीतभर वरूनच परत फिरविला, स्क्वॉटमध्ये अर्धेच खाली बसले, तर आकडा वाढतो पण अभिप्रेत स्नायूवरील काम कमी होते. विद्यार्थी प्रामाणिकपणे सांगतो की दोन महिन्यांत ४० किलोवरून ६० किलोवर आलो. तो खोटे बोलत नसतो. त्याने दोन महिन्यांत व्यायामप्रकारच बदललेला असतो, एवढेच. पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत स्क्वॉट करताना नितंबाची घडी गुडघ्याच्या माथ्याखाली जाणे बंधनकारक आहे. हा नियम सौंदर्यदृष्टीने केलेला नाही. खोली ठरविली नाही तर दोन स्पर्धकांच्या वजनांची तुलनाच करता येणार नाही, हे त्यामागील कारण आहे.

तालमीचे माप

महाराष्ट्रातील तालमीत हा प्रश्न या स्वरूपात कधी उभा राहिला नव्हता. जोर आणि बैठका यांत भार म्हणजे स्वतःचे शरीर. मुद्गल, करेल, दगडी नाल यांचे वजन घडविताना एकदाच ठरलेले. दगडाला अडीच किलोची प्लेट जोडता येत नाही. त्यामुळे प्रगती मोजण्याचे मार्ग दोनच राहत : संख्या आणि सफाई. वस्ताद हौदाच्या कडेला उभा राहून पाहत असे तो मुद्गल पाठीमागून कसा फिरतो हे. तो किती किलोचा आहे हे सर्वांना ठाऊकच असे. द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी संपादित केलेल्या आणि बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त या देशी व्यायामपद्धतीचा मोठा संग्रह आहे.

तालमीचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. तेथेही आकड्याचा मोह होताच. हजार बैठकांची फुशारकी आणि शंभर किलोच्या बेंच प्रेसची फुशारकी यांत जातीचा फरक नाही. शेवटच्या दोनशे बैठका कशा झाल्या हे कोणी विचारत नसे. लोखंडी प्लेटांनी हा मोह निर्माण केला नाही, तर त्यास नवे आणि अधिक जड साधन दिले.

बैठकेच्या संदर्भात आणखी एक उद्बोधक बाब आहे. आधुनिक व्यायामशाळेत ‘गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये’ असा नियम छातीठोकपणे सांगितला जातो. पैलवानाच्या बैठकेत तर टाच उचलली जाते आणि गुडघा बोटांच्या बराच पुढे जातो. मग पिढ्यान्‌पिढ्या चुकीचाच व्यायाम चालला होता काय? अमेरिकेतील अँड्र्यू फ्राय आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात पुरुषांनी स्वतःच्या वजनाइतका भार खांद्यावर घेऊन दोन प्रकारे स्क्वॉट केले. समोर फळी लावून गुडघा पुढे जाऊ दिला नाही तेव्हा गुडघ्यावरील बलाघूर्ण सुमारे १५० वरून ११७ न्यूटन-मीटरपर्यंत उतरले. परंतु नितंबाच्या सांध्यावरील बलाघूर्ण सुमारे २८ वरून ३०२ न्यूटन-मीटरपर्यंत चढले. गुडघा वाचविण्याच्या नादात भार कमरेकडे सरकला. यावरून गुडघा कितीही पुढे न्यावा असे सिद्ध होत नाही. शरीराच्या वजनाच्या बैठकेत जे निर्धोक आहे तेच ८० किलोच्या बारखाली, टाचा उचलून, निर्धोक असेल असेही नाही. तंत्राचा नियम भारापासून तोडून सांगता येत नाही, एवढाच याचा अर्थ.

भार किती आणि केव्हा वाढवावा

क्रमाने भार वाढविण्याच्या तत्त्वास वैद्यकीय प्रतिष्ठा मिळाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचे काम करणारे अमेरिकन डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये जड वजनांच्या व्यायामावरील निबंध प्रसिद्ध केला. १९४८ मध्ये आर्थर वॅटकिन्स यांच्यासह त्यांनी मांडलेली पद्धत आजही ओळखीची वाटेल : दहा वेळा उचलता येईल असे कमाल वजन निश्चित करावे आणि त्याच्या ५०, ७५ व १०० टक्के भाराने दहा-दहा आवर्तनांचे तीन सेट करावेत. जड वजनास हात घालण्यापूर्वी हलक्या वजनाने तीच हालचाल दोनदा घडते, हे या रचनेचे मर्म आहे.

नवशिक्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते. मोरिटानी आणि डीव्ह्राइज यांच्या १९७९ मधील संशोधनाने या वाढीचे स्वरूप उलगडले. आरंभीची वाढ मुख्यतः चेतासंस्थेच्या शिकण्यामुळे होते. स्नायूंचा आकार वाढण्याचा वाटा नंतर मोठा होत जातो. म्हणजे पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याचे शरीर प्रत्यक्षात बळकट होण्यापेक्षा हालचाल ‘शिकत’ असते. या काळात चुकीची हालचाल गिरविली तर तीच पक्की होते. शिवाय स्नायूंना अस्थींशी जोडणारे कंडर स्नायूंच्या मानाने सावकाश बदलतात. बारवरील वजन दर आठवड्यास वाढू शकते म्हणून कोपर आणि खांदा त्या वेगाने तयार होतात असे नव्हे. भरतीच्या तीन महिन्यांत उद्भवणारी खांदेदुखी आणि कोपरदुखी यांचा विचार करताना ही विसंगती ध्यानात घ्यावी लागते.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २००९ च्या भूमिकापत्रात भारवाढीचा सुटसुटीत निकष दिला आहे. ठरलेल्या आवर्तनांपेक्षा एक-दोन आवर्तने अधिक होऊ लागली की भार २ ते १० टक्क्यांनी वाढवावा. कागदावर हे सोपे आहे. परंतु महाविद्यालयीन जिमखान्यातील प्लेटांकडे पाहिले की अडचण कळते. पुष्कळ ठिकाणी सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते. बारला प्लेटा दोन्ही बाजूंस लावाव्या लागत असल्याने किमान वाढ पाच किलोची होते. १०० किलोच्या डेडलिफ्टला ही वाढ पाच टक्के, म्हणजे योग्यच. पण २० किलोच्या मोकळ्या बारने डोक्यावर वजन ढकलणाऱ्या मुलीसाठी तीच वाढ २५ टक्क्यांची होते. तिचे तंत्र त्या दिवशी बिघडले तर दोष तिच्या एकाग्रतेचा नसून खरेदीच्या यादीचा असतो. सव्वा किलोच्या प्लेटांची जोडी असली तरी वाढ साडेबारा टक्के होते. अर्धा किलोच्या दोन प्लेटा यंत्रसामग्रीच्या मानाने अगदीच स्वस्त आहेत. त्या नसतील तेथे वजन तेच ठेवून आवर्तने आठवरून बारापर्यंत नेणे आणि मगच पुढील वजनास जाणे हा मार्ग उरतो. स्पर्धेचा बार पुरुषांसाठी २० आणि महिलांसाठी १५ किलोचा असतो. जिमखान्यातील साधा दांडा त्याहून बराच हलका असू शकतो, म्हणून तो एकदा काट्यावर घालून त्यावर वजन रंगवून ठेवावे.

आकड्याने तंत्रावर मात केली तेव्हा

तंत्र आणि वजन यांचा तोल सुटला तर काय होते, याचा ठळक दाखला ऑलिंपिकच्या इतिहासात आहे. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकपासून १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत भारोत्तोलनात प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे तीन प्रकार होते. प्रेसमध्ये बार खांद्यापर्यंत आणून, ताठ उभे राहून, केवळ हातांच्या बळावर डोक्यावर न्यावयाचा असे. कालांतराने स्पर्धक कंबर पुढे फेकून पाठीमागे झुकू लागले. उभ्याने घातलेला बेंच प्रेसच जणू. आकडे वाढले, पण नेमके किती झुकणे नियमबाह्य, यावर पंचांचे एकमत होईना. म्युनिकनंतर हा प्रकारच स्पर्धेतून काढून टाकण्यात आला. तंत्र सैल सोडल्याने वजन वाढले आणि वजन वाढत वाढत त्या वजनाला अर्थच उरला नाही. उरलेल्या दोन प्रकारांत आजही हात सरळ करताना कोपर वाकून पुन्हा ढकलले गेले तर प्रयत्न बाद ठरतो.

जवळचे उदाहरण सांगलीच्या संकेत सरगर याचे. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ असे एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळविले. त्या स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक होते. १३९ किलोच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपरास दुखापत झाली. त्याच दुखऱ्या हाताने तो तिसऱ्या प्रयत्नासाठी पुन्हा उभा राहिला, परंतु वजन गेले नाही. मलेशियाच्या स्पर्धकाने २४९ किलोंसह सुवर्णपदक घेतले. अंतर एका किलोचे.

या प्रसंगाचा अर्थ ‘तंत्र चुकले म्हणून दुखापत झाली’ असा लावणे अन्यायाचे होईल. वर्षानुवर्षे घडविलेले तंत्रही कमाल भाराच्या सीमेवर तुटू शकते, आणि स्पर्धा ही त्या सीमेवरच होते. सुवर्णासाठी तो धोका पत्करणे खेळाडूच्या दृष्टीने योग्यच होते. प्रश्न येतो तो हाच प्रसंग मोबाइलवर पाहून मंगळवारच्या सकाळी, कोणतीही स्पर्धा नसताना, त्या सीमेवर जाणाऱ्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा. खेळाडूच्या सरावाचा बहुतांश भाग कमाल भाराखालीच होत असतो. तो भाग चित्रफितीत येत नाही.

श्वास : लोणावळ्याचा संदर्भ

तंत्राच्या चर्चेत हातापायांविषयी पुष्कळ बोलले जाते, श्वासाविषयी त्रोटक. या बाबतीत मावळास स्वतःची परंपरा आहे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे शिकलेले स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो, हे त्यांनी उपकरणाने मोजून दाखविले आणि त्या निर्वातस्थितीस आपल्या गुरूंच्या नावावरून माधवदास हे नाव दिले. पोटाच्या पोकळीतील दाब इच्छेने बदलता येतो आणि तो मोजताही येतो, ही गोष्ट येथे शंभर वर्षांपूर्वी प्रयोगाने सिद्ध झालेली आहे.

जड वजन उचलताना नेमके उलट घडते. श्वास रोखून पोट कसल्याने पोकळीतील दाब वाढतो आणि धडास आतून टेकू मिळतो. म्हणून ‘श्वास कधीच रोखू नये’ हा सरसकट उपदेश जड डेडलिफ्टला लागू पडत नाही. परंतु त्याची किंमत मोठी असते. कॅनडातील मॅकडूगल व सहकाऱ्यांच्या १९८५ मधील अभ्यासात दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंचा सरासरी रक्तदाब ३२०/२५० पर्यंत गेला होता. एकाचा तर ४८०/३५० च्याही वर. तरुण, निरोगी हृदय काही क्षण हे सोसते. ज्याच्या रक्तदाबाची कधी तपासणीच झालेली नाही अशा विद्यार्थ्यास पहिल्याच आठवड्यात श्वास रोखून जोर लावावयास सांगणे अविचाराचे आहे. हलक्या व मध्यम भाराने उचलताना श्वास सोडण्याची सवय आधी लागली पाहिजे.

तंत्राचा अतिरेक

दुसऱ्या टोकाचा दोष शिक्षकांकडून होतो. ‘तंत्र परिपूर्ण झाल्याखेरीज वजन नाही’ असे म्हणून विद्यार्थ्यास महिनोन्‌महिने मोकळ्या दांड्यावर ठेवले जाते. विद्यार्थिनींच्या बाबतीत हे विशेषच घडते. परंतु अस्थी आणि स्नायू यांना पुरेसा भार मिळाल्याशिवाय त्यांच्यात बदल होत नाही. शिवाय तंत्रातील दोष मोकळ्या दांड्याखाली बहुधा दिसतच नाहीत; गुडघे आत वळतात ते भार आल्यावर. हलक्या वजनाने थकेपर्यंत केलेल्या व्यायामानेही स्नायूंचा आकार वाढतो, हे गेल्या दोन दशकांतील अभ्यासांतून पुढे आले आहे. एका वेळी अधिकाधिक जोर लावण्याची क्षमता मात्र जड वजनानेच अधिक वाढते.

आदर्श शरीरस्थितीची कल्पनाही लवचीक ठेवणे आवश्यक आहे. वजन उचलताना कमरेला येणारा बाक आणि कंबरदुखी यांचा संबंध समजला जातो तितका पक्का नाही, असा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात निघाला. यामुळे पाठ हवी तशी वाकवावी असे ठरत नाही. सर्वांनी एकाच चित्राबरहुकूम उचलावे हा आग्रह तेवढा सैल होतो. लांब मांडीच्या मुलाचे धड स्क्वॉटमध्ये अधिक पुढे झुकणारच. लहानपणापासून उकिडवे बसण्याची सवय असलेला शेतकरी कुटुंबातील विद्यार्थी सहज खोल बसतो, तर खुर्चीवर वाढलेल्याच्या टाचा उचलल्या जातात. दोघांना एकच सूचना देणे हे शिकविणे नव्हे.

जिमखान्यातील व्यवहार

प्रत्यक्ष निर्णय सेटच्या शेवटच्या दोन आवर्तनांकडे पाहून घ्यावयाचा असतो. बार मंदावला पण शरीराचा आकार तोच राहिला, तर ते श्रमाचे लक्षण आहे. वजन योग्य आहे. आकार बदलला, म्हणजे नितंब आधी वर आले, गुडघे आत गेले किंवा बार एका बाजूस कलला, तर सेट तेथेच संपला असे मानावे आणि झालेली आवर्तनेच नोंदवावीत. एका वेळी तीस विद्यार्थी असताना प्राध्यापक प्रत्येकाकडे पाहू शकत नाही. जोडीदाराने बाजूने मोबाइलवर चित्रण करावे आणि वहीत वजन व आवर्तने यांपुढे ‘आकार टिकला की नाही’ असा एक रकाना ठेवावा. ज्या आवर्तनास आकार टिकला नाही ते आवर्तन वहीत धरावयाचे नाही, हा नियम विद्यार्थी आश्चर्यकारक तत्परतेने पाळतात, कारण त्यांचे लक्ष मुळातच आकड्यावर असते.

भरतीच्या उमेदवारांबाबत एवढे पाहावे लागते की बेंच प्रेसचा आकडा आणि गोळ्याचे अंतर या स्वतंत्र गोष्टी आहेत. गोळा पायांपासून सुरू होतो, कमरेतून वळतो आणि शेवटी हातातून सुटतो. ७.२६० किलोचे वजन हे जिमखान्यातील बारच्या मानाने क्षुल्लक; ते लांब जाते वेगाने आणि सुटण्याच्या कोनाने. म्हणून आठवड्यातून दोन दिवस जड स्क्वॉट व डेडलिफ्ट आणि किमान तीन दिवस प्रत्यक्ष गोळा, तोही ताजेतवाने असताना, व्यायामाच्या आरंभी, अशी विभागणी उपयुक्त ठरते. चाचणीपूर्वीच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत सेटची संख्या निम्म्यावर आणावी, बारवरील वजन फारसे उतरवू नये आणि नवा कमाल आकडा गाठण्याचा प्रयत्न कोणासही करू देऊ नये.